जंगलातली पहिली बुडी

मालवणच्या किनाऱ्यावर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात पहिल्यांदा बुडी मारायला आलेल्या माणसाला होडीत बसण्याआधीच बरेच काही ऐकून घ्यावे लागते. श्वास कधीही रोखायचा नाही, तोंडातल्या नळीतून संथपणे घ्यायचा आणि सोडायचा. कानाला दडे बसू लागले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, दुखेपर्यंत वाट पाहायची नाही. खाली बोलता येत नाही, म्हणून हाताच्या चार खुणा पाठ करायच्या. प्रवाळाला बोट लावायचे नाही. सर्दी किंवा दमा असेल तर आधी सांगायचे, दारू पिऊन यायचेच नाही. यावर कोणी हुज्जत घालत नाही. पैसे मोजलेत तेव्हा अमुक मासा दाखवाच, असे कोणी प्रशिक्षकाला सुनावत नाही. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि हे गणित न शिकलेल्यालाही ते कानाच्या पडद्यावर लगेच कळते. समुद्र आपले नियम शरीराकडूनच वदवून घेतो. त्याच माणसाचे कुटुंब नाताळच्या सुट्टीत ताडोबाच्या रिसॉर्टवर उतरते तेव्हा मात्र कुठलीच तयारी लागत नाही असे धरून चालते. उघडी जिप्सी असते, चालक असतो, गाईड असतो, आणि आपण फक्त बसायचे असते. चंद्रपूर आणि गडचिरोलीचा प्रवास संपवताना एक मत पक्के होते ते असे: जंगलातल्या पहिल्या सुट्टीलाही बुडी मारणाऱ्याची शिस्त लागते. जंगल हेही आपले नसलेले माध्यम आहे. फरक एवढाच की इथे नियम मोडल्याची किंमत बहुधा दुसऱ्याला मोजावी लागते.

सुरुवात चंद्रपूर शहरापासून करणे बरे, कारण समुद्राची तुलना इथे वाटते तेवढी ओढूनताणून आणलेली नाही. राजुरा आणि कोरपना तालुक्यांतल्या सिमेंट कारखान्यांना जो चुनखडक पुरतो, तो एका फार जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे; जमिनीवर पहिले झाड उगवण्याच्या कितीतरी आधीचा. त्याच्यानंतर पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी इथे दलदली होत्या, आणि त्यांतल्या वनस्पती गाडल्या जाऊन बल्लारपूर परिसरातला दगडी कोळसा झाला. या दोन थरांवर जिल्ह्याची आजची अर्थव्यवस्था उभी आहे. गोंड राजांची राजधानी म्हणून वसलेल्या शहराचा परकोट अजून बऱ्याच अंशी शाबूत आहे. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा या चार वेशींतून आजही रहदारी चालते. कोटाच्या बाहेर इरई आणि झरपट या नद्या भेटतात, आणि इरई पुढे वर्धेला मिळते. शहराच्या उत्तरेला याच इरईवर धरण आहे. २,९२० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्राला त्याचे पाणी जाते, आणि त्याच जलाशयाच्या काठावर मोहर्ली हे ताडोबाचे सर्वांत गजबजलेले प्रवेशद्वार आहे. धुरांड्यांच्या पलीकडे अर्ध्या-पाऊण तासात वाघाचे रान सुरू होते, याचे पहिल्यांदा येणाऱ्याला सर्वांत मोठे आश्चर्य वाटते. खरे तर आश्चर्य उलट बाजूने वाटायला हवे. कोळसा, सिमेंट, बांबूवर चालणारा कागद कारखाना आणि वीज या सगळ्यांच्या मागणीतून इतके जंगल उरले कसे, हा प्रश्न मनात घेऊन फाटकातून आत गेले तर पुढचे प्रत्येक झाड वेगळे दिसते.

मोहर्लीहून आत शिरल्यावर पहिली अडचण डोळ्यांची होते. पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, आणि पाच-दहा मीटर खाली गेले की तांबडा रंग जवळजवळ नाहीसा होतो. हे ठाऊक नसलेला माणूस पाहतो खूप आणि ओळखतो थोडे. जंगलातही रंगांचा असाच एक खेळ चालतो. हरणांच्या डोळ्यांना आपल्यासारखा तांबडा-केशरी वेगळा कळत नाही, त्यामुळे आपल्याला झगझगीत वाटणारा वाघाचा रंग त्यांना गवताच्या हिरव्याशी मिसळलेला दिसतो. म्हणजे ज्या रानात आपण वाघ शोधतो तिथे त्याचे लपणे आपल्यासाठी नाहीच, ते चितळ-सांबरासाठी आहे. पहिल्यांदा येणाऱ्यांना खाकी किंवा हिरवे कपडे घालायला सांगतात ते योग्यच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट हालचालीची. चितळ तुमच्या शर्टाचा रंग पाहून बुजत नाही. उभे राहणे, हात लांब करून दाखवणे, जिप्सीत जागा बदलणे यांनी बुजते. अत्तर आणि मोठा आवाज यांचेही तसेच. डोळ्यांच्या मर्यादा एकदा मान्य केल्या की कानाचे महत्त्व उमगते. इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबायला तयार असलेल्या जिप्सीतल्या माणसांना जंगल जितके कळते, तितके तीन तास भरधाव फिरणाऱ्यांना कळत नाही. वानराचे खोकल्यासारखे खकारणे, चितळाची टोकदार हाक, सांबराचा एकच जडसा 'ढांक' यांत विश्वासाची उतरंड आहे. चितळ उगाचही ओरडते, सांबर सहसा ओरडत नाही. म्हणून सांबराचा कॉल आला की गाईड ताठ होतो. एवढी ओळख घरून निघण्याआधी ध्वनिफिती ऐकून सहज करून घेता येते. पाण्यात उतरण्याआधी हाताच्या खुणा शिकतो, तशीच ही तयारी.

पाण्याच्या खुणा वाचणे हा पुढचा धडा. उन्हाळ्यात करडे पडलेल्या रानात अर्जुन आणि जांभळीची हिरवी ओळ दिसली की तिथे नाला आहे हे ओळखावे, वर पाणी दिसो न दिसो. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते आणि त्याच्या खोडात पाणी साठते. गोंडांच्या श्रद्धेत हे झाड देवाचे आहे, आणि कोरड्या रानात पाणी धरून ठेवणाऱ्या झाडाला देवपण मिळावे यात मला विलक्षण औचित्य दिसते. या सगळ्याच्या मध्यभागी ताडोबा तलाव आहे. काठावरच्या मोठ्या झाडाखाली तारू किंवा ताडोबाचे ठाणे आहे. तारू हा गावचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना मेला, अशी कथा आहे. पौषात गोंड भाविकांची यात्रा इथे भरत आली आहे. ज्याला वाघाने मारले त्याच्या नावाने वाघांचे घर ओळखले जाते, ही गोष्ट रिसॉर्टच्या माहितीपत्रकात एका ओळीत संपते. प्रत्यक्षात माणूस आणि वाघ यांच्या संबंधाबद्दल या भूमीने काढलेला निष्कर्ष तीत आहे: वैर नाकारायचे नाही, आणि त्या वैरासाठी रान तोडायचेही नाही. तलावात मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात पाय बुडवण्याचा प्रश्नच येत नाही. वाटेवर गोंडकाळातले म्हणून दाखवले जाणारे उंच दगडी खांब दिसतात. त्यांना दोर आणि घंटा बांधून राजाकडे निरोप पोचवत, असे गाईड सांगतात. १९५५ मध्ये इथले ११६.५५ चौरस किलोमीटर क्षेत्र राष्ट्रीय उद्यान झाले, राज्यातले पहिले. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प, असा पुढचा क्रम. आज गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा आहे, आणि भोवतीचे बफर क्षेत्र अकराशेच्या घरात. या आकड्यांमागे बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी अशी गावे हलली आहेत. कुरण म्हणून आज जिथे गवे चरताना दिसतात, तिथे काही ठिकाणी कालपरवापर्यंत भातशेती आणि अंगणे होती.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो दुबळा नाही. समुद्रात चूक झाली तर जीव आपला जातो, म्हणून तिथे शिस्त हवी. जिप्सीत बसलेल्याला कसला धोका? ताडोबात पर्यटकाने गाडीतून उतरायचे नाही हा नियम पाळला तर धोका खरोखर फार थोडा. पण धोका नाही म्हणजे परिणाम नाही, असे होत नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच पिल्लांना दोन्ही बाजूंनी अडवले. चित्रफीत पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाईडांवर कारवाई झाली. त्या गाड्यांतल्या कुणालाही ओरखडा उठला नाही. वाघिणीला मात्र पिल्ले घेऊन रस्ता ओलांडता आला नाही. गाड्यांतून माणसे सुरक्षित राहतात म्हणून वाघ निरुपद्रवी आहे असे समजणे किती चूक, हे नोव्हेंबर २०२१ मध्ये कोलारा परिक्षेत्रात दिसले होते. तिथे पायी पाहणी करणाऱ्या एका वनरक्षक महिलेचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. रोज पायी फिरणारे वनमजूर आणि वनरक्षक यांच्या हिशेबात वाघाचा बिथरलेला किंवा शांत स्वभाव हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. सकाळी पर्यटकांनी छळलेले जनावर दुपारी कुणाच्या वाटेत येईल, हे पर्यटकाला कधीच कळत नाही. प्रवाळावर पाय ठेवणाऱ्या पाहुण्यालाही तुटलेली फांदी पुन्हा वाढायला किती वर्षे लागली हे कळत नाही. म्हणून तर तिथे बोट लावायचीही बंदी असते. ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने गाभ्यातले पर्यटन जास्तीत जास्त २० टक्के क्षेत्रापुरते ठेवण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली, ताडोबाच्या गाभ्यात मोबाइलला बंदी आली. या बंदीबद्दल कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात. वाघाची जागा क्षणात दहा गाड्यांना कळवणारे यंत्र हातात असणे आणि त्या वाघाला वाट मोकळी मिळणे, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, एवढेच त्यांना सांगता येते.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. लांबून आलेले कुटुंब काही हजार रुपये मोजते, तेव्हा वाघ दिसावा ही अपेक्षा गैर कशी? अपेक्षा गैर नाहीच, पण ती सुट्टीचे एकमेव माप झाली की सुट्टी बिघडते. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले आणि त्यांतले सर्वाधिक चंद्रपूर जिल्ह्यात आहेत, त्यामुळे इथे 'सायटिंग' होण्याची शक्यता देशातल्या बहुतेक जंगलांपेक्षा चांगली. नेमकी हीच गोष्ट पहिल्यांदा येणाऱ्याला बिघडवते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, नाले आटतात, वाघ पाणवठ्यावर येऊन बसतो. म्हणून मे हाच सर्वोत्तम काळ, असा सल्ला सर्रास दिला जातो. माझा सल्ला याच्या उलट आहे. पहिल्या बुडीला कोणी खोल पाण्यातल्या बुडालेल्या जहाजापाशी नेत नाही. उथळ, शांत, स्वच्छ पाण्यात नेतात, जिथे माणूस आधी नीट श्वास घ्यायला शिकेल. तसे जंगलात पहिल्यांदा यायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. झाडांवर पाने असतात, तलाव भरलेले असतात, स्थलांतरित पाणपक्षी आलेले असतात, आणि पहाटेच्या थंडीत शांत बसणे शक्य होते; सेहेचाळीस अंशांत लहान मुलांना चार तास उघड्या गाडीत बसवले तर त्यांना जंगलाची आठवण राहते ती तापलेल्या पत्र्याची. वाघ कदाचित कमी दिसेल. रानकुत्र्यांचा कळप, गव्याची पाठ, मोहाखाली अस्वलाने उकरलेली माती मात्र दिसेल, आणि उन्हाळ्यात दुसऱ्यांदा येणाऱ्याला वाघ समोर आल्यावर आपण काय पाहतो आहोत हे कळेल. पावसाळ्यात गाभा बंद असतो आणि त्याच महिन्यांत कोकणातल्या बुड्याही बंद असतात. दोन्ही ठिकाणी पाऊस पाहुण्यांना घरी बसवतो आणि रानाला-समुद्राला त्यांचा वेळ देतो. ज्यांना उन्हाळाच सोयीचा, त्यांनी वैशाखी पौर्णिमेच्या मचाण प्रगणनेची चौकशी करावी. चांदण्यात पाणवठ्यावर रात्रभर मचाणीवर बसून, गाडी न हलवता, जे येईल त्याची नोंद करायची. वाट पाहण्याचा इतका चांगला सराव दुसरा नाही.

ताडोबातून बाहेर पडून बहुतेक जण नागपूरचा रस्ता धरतात. पूर्वेकडे वळून सिंदेवाही, नागभीड, मूल, सावली हा पट्टा धरला तर पर्यटनाच्या नकाशावर नसलेला एक मोठा देश उघडतो. इथे तलाव आहेत, आणि ते निसर्गाने दिलेले नाहीत. उतारावर आडवी माती घालून पावसाचे पाणी अडवणारे हे शेकडो तलाव गोंड राजवटीत आणि नंतर मालगुजारांच्या काळात बांधले गेले. सरकारी कागदात त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, आणि लोक त्याचे आद्याक्षरी 'मामा तलाव' करून टाकतात. तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे, अशी गोंड राजांची रीत सांगितली जाते. कोहळी समाज तलाव बांधण्यात आणि पाणी फिरवण्यात वाकबगार, ढिवर समाज त्यांतल्या मासळीवर आणि शिंगाड्यावर जगणारा. शिंगाड्याच्या हंगामात कमरेइतक्या पाण्यात तासन्‌तास काम करणारी ढिवर माणसे पाहिली की पाण्याशी जवळीक म्हणजे काय ते कळते. त्यांना तळाचा चिखल पायाने ठाऊक असतो. या तलावांखाली भात पिकतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या छोट्या शेतात वेगळी दिसलेली लोंबी जपून वाढवत 'एचएमटी' हे वाण निवडले. ते देशभर गेले, पण दादाजींना त्यातून संपत्ती मिळाली नाही. २०१८ मध्ये ते गेले. रिसॉर्टच्या जेवणात वाढला जाणारा बारीक भात बहुधा याच परंपरेतला असतो, आणि पाहुण्याला तो कुठून आला हे कोणी सांगत नाही. सांगायला हवे, असे मनापासून वाटते.

याच पट्ट्यात वाघ आणि माणूस यांचा रोजचा संघर्ष आहे. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला बाया-माणसे रानात जातात. वाकून वेचणारे माणूस वाघाला चार पायांच्या सावजासारखे दिसते, आणि राज्यात वाघाच्या हल्ल्यांत जाणारे सर्वाधिक बळी याच जिल्ह्यात पडतात. ज्या दिवसांत पाहुणा 'सायटिंग'साठी फाटकावर रांग लावतो, त्याच दिवसांत दुसरे कुणी सायटिंग होऊ नये म्हणून देवाला हात जोडून रानात शिरते. पर्यटनाने या लोकांना पैसा मिळतो ना, हा तिसरा आक्षेप. मिळतो, आणि ते नाकारणे अप्रामाणिक ठरेल. मोहर्ली परिसरात गाईड, जिप्सीचालक, स्वयंपाकी म्हणून शेकडो घरे चालतात. स्त्रियाही गाईड आणि चालक झाल्या आहेत, हा बदल लहान नाही. पण जो पैसा बाहेरच्या मालकाच्या रिसॉर्टला जातो आणि जो गावातल्या माणसाच्या हातात पडतो, त्यांत फरक आहे, आणि पाहुणा कुठल्या बाजूला पैसे टाकतो हे त्याच्या हातात असते. बफरमधल्या गावातला मुक्काम, गावचा गाईड, बफर फाटकाची सफारी निवडली तर वाघाचा शेजार सोसणाऱ्यांना त्या शेजाराचे काही मिळते. मोहफुले वेचणाऱ्यांपाशी गाडी थांबवून फोटो काढू नये, आणि संध्याकाळनंतर या रस्त्यांवर वेग धरू नये. रात्रीचा रस्ता हा जनावरांचा असतो.

व्याहाडजवळ वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून तो वेगळा झाला; वनखात्याच्या नोंदींप्रमाणे त्याचे सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्र जंगल आहे. इथे तिकीट काढून आत जाण्याचे फाटक जवळजवळ कुठेच नाही, आणि त्यामुळे जंगलाचा मालक कोण हा प्रश्न थेट समोर येतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने त्याचे उत्तर देशाला दिले. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबू विकण्याचा अधिकारही ग्रामसभेने प्रत्यक्षात आणला. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा आता प्रसिद्ध आहे. पाहुण्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: रानात शिरण्याआधी ग्रामसभेला विचारायचे, आणि गावाने दिलेल्या माणसासोबतच जायचे. पाण्याखाली जोडीदाराविना उतरायचे नाही हा नियम इथे शब्दशः लागू पडतो. राज्यातल्या हिवतापाचा मोठा वाटा याच जिल्ह्यात असल्याने मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि परतल्यावर ताप आला तर रक्त तपासताना गडचिरोलीचे नाव डॉक्टरांना सांगणे, एवढे न चुकता करावे. पुष्कळ जण हे शेवटचे सांगायचे विसरतात.

वैनगंगेच्या काठाने खाली चामोर्शीकडे गेले की मार्कंडा लागतो. नदी इथे उत्तरेकडे वळते, आणि त्या वळणावर देवळांचा समूह उभा आहे. वीज पडून मुख्य देवळाची पडझड झाली होती; तरी एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या अलेक्झांडर कनिंगहॅम यांना या भिंतींवरच्या मूर्तींनी भारावून टाकले. महाशिवरात्रीला यात्रा भरते, हजारो लोक नदीत बुडी घेतात. पाण्याचा या प्रवासातला खरा धोका इथे आहे, ताडोबात नाही. उन्हाळ्यात गुडघाभर दिसणाऱ्या वैनगंगेच्या वाळूत अचानक डोह असतात, आणि वर गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले तर आभाळ कोरडे असतानाही पाणी चढते. मालवणात प्रशिक्षकांच्या देखरेखीत उतरलेला माणूस इथे कपडे काठावर ठेवून अनोळखी डोहात सूर मारतो. नदीकाठच्या ढिवराला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये, एवढी एकच सूचना इथे पुरेशी आहे, आणि ती पाळली जात नाही.

चपराळ्यापाशी वर्धा आणि वैनगंगा भेटतात आणि प्राणहिता जन्मते. तिच्या पूर्वेला आलापल्लीचे सागवान आहे. सागाला इथे जी उंची मिळते ती महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच दिसते. १९५३ पासून राखलेला 'वनवैभव' हा सहा हेक्टरांचा तुकडा २०१४ मध्ये राज्याचे पहिले जैवविविधता वारसा स्थळ झाला. वाघ दिसण्याची अपेक्षा इथे कोणी करत नाही, म्हणूनच कदाचित या तुकड्यात माणसे हळू बोलतात. वर पाहत मान अवघडेपर्यंत उभे राहायचे, खाली कुजणाऱ्या खोडावर काय वाढते आहे ते वाकून पाहायचे, याखेरीज करण्यासारखे काही नाही, आणि दोन तास पुरत नाहीत. भामरागड, हेमलकसा आणि तिथला इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतमी यांचा संगम पूर्वेला राहतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागड पावसाळ्यात बाकी जगापासून तुटते. या भागात जाणे सुरक्षित आहे का, असे हमखास विचारले जाते. माओवादी हिंसाचार गेल्या काही वर्षांत बराच ओसरला आहे, पण त्याने चाळीस वर्षे गावांना दोन बाजूंमध्ये भरडले हे विसरून इथे फिरू नये. स्थानिकांकडे चौकशी करून, दिवसाउजेडी, ठरल्या रस्त्यानेच जावे, आणि जुन्या जखमांबद्दल कुतूहलापोटी प्रश्न विचारू नयेत.

सिरोंचात भाषा बदलते. बाजारात तेलुगू, घरात तेलुगू किंवा गोंडी-माडिया, शाळेत मराठी. या गावाला एकेकाळी मोठी स्वप्ने दाखवली गेली होती. वऱ्हाडातला कापूस होडीने समुद्राला न्यावा म्हणून १८६० च्या दशकात इंग्रजांनी गोदावरी-प्राणहिता जलमार्गाचे काम काढले. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी इथले खडकांचे अडसर आडवे आले, आणि १८७१ मध्ये काम सोडून दिले गेले. खडकच इथला खरा ठेवा ठरला. सिरोंचाजवळच्या कोटा गावच्या चुनखडकात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जुरासिक काळातल्या माशांचे जीवाश्म मिळत आले. खवले अजून चकाकतात असे मासे, दगडात आडवे पोहताना थांबलेले. याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातून 'बारापासॉरस टागोराय' या महाकाय डायनासोरची हाडे निघाली, १९७५ मध्ये त्याचे नामकरण झाले, आणि सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. वडधम इथल्या जीवाश्म उद्यानात झाडांची दगड झालेली खोडे जागच्या जागी पडून आहेत. उचलून खिशात घालण्याचा मोह इथे सर्वांत मोठा होतो, कारण पहारा थोडा आणि तुकडे पुष्कळ. प्रवाळाचा तुकडा निदान पुन्हा वाढतो, हा वाढत नाही.

गावाच्या खाली गोदावरीवर तेलंगणाने बांधलेला मेडीगड्डा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला. त्याच्या फुगवट्याने सिरोंचा तालुक्यातली शेते बुडतात ही इथल्या शेतकऱ्यांची तक्रार आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या बंधाऱ्याचेच काही खांब खचले. त्याच्याही पूर्वेला सोमनूरपाशी इंद्रावती गोदावरीला मिळते. पलीकडे छत्तीसगड, खाली तेलंगणा. चंद्रपूरच्या तटाला लागून वाहणारी इरई वर्धेतून, प्राणहितेतून इथवर पोचलेली असते. दोन्ही नद्यांच्या पाण्याचा रंग काही अंतर वेगळा दिसतो, आणि काठावर डोंगा बांधून बसलेला ढिवर पैलतीरी न्यायला तयार असतो. मात्र आधी पाण्याकडे, मग आभाळाकडे पाहतो, आणि वारा सुटलेला असेल तर कितीही पैसे दिले तरी उद्या या म्हणून सांगतो.